सातवा प्रश्न

'शिक्षिका का व्हायचंय?'
खाली तीन ओळींची जागा.

तियामिकेने लिहिलं : देशसेवा.
एलुबी हसली. तिने खरं तेच लिहिलं :
नर्सिंगला मार्क कमी पडले,
शिवाय इथे दोन्ही वेळा न्सिमा मिळतो, कधी मासे.

मी पेन चावत बसले.

कासुंगूच्या तंबाखू-गोदामात
आईचं दवाखान्याचं पत्र
कारकून वाचत होता, मोठ्याने,
चवीने,
आणि आई
स्वतःच्या आजाराचं नाव
अख्ख्या रांगेबरोबर ऐकत होती.

तीन ओळींत हे मावेना.
मीही लिहिलं : देशसेवा.

उद्या पहिला सराव-पाठ.
एकशे चार मुलं, खडू दीड.
त्यातला अर्धा मी आत्ताच खिशात टाकलाय.
फळ्यावरचा शब्द ठरलाय :
कालाता.
म्हणजे पत्र.