डावखुरे

गुलनार टॉकीजच्या पडद्यामागे
आमची दहा बाय आठची खोली होती.
मध्ये भिंत नव्हती. एक गोणपाट, दोन भोंगे
माझ्याहून उंच, आणि त्यांच्यापलीकडे तो.
अख्ख्या घोडपदेवात कुणाला ठाऊक नव्हतं
की त्याला मागची बाजूही असते.

बाबा डोअरकीपर. बॅटरी त्यांची,
सेल हातिमभाईंचे, मोजून दिलेले.
आईला घड्याळ लागत नसे.
सहाच्या खेळात भावंडांची ताटातूट झाली की डाळ धुवायची,
इंटरव्हलला भात टाकायचा,
गोदामात मारामारी पेटली की बांगडे तव्यावर,
पोलीस आले की पानं घ्यायची.
पोलीस अगदी वेळेवर उशिरा यायचे.
शुक्रवारी पिक्चर बदलायचा
आणि आमचा भात खाली लागायचा.

मी मागून बघायचे.
पडद्याला बारीक भोकं, आवाज जावा म्हणून,
त्यांतून उजेड माझ्या पाटीवर सांडायचा.
नावं उलटी यायची. मी वाचायला
आधी उलटंच शिकले.
आणि मागून सगळे डावखुरे होते.
नायक डाव्या हाताने पत्र लिहायचा,
इन्स्पेक्टर डाव्या हाताने सलाम ठोकायचा,
देवळातली घंटा डाव्या हाताने, प्रसादही डाव्याच,
भांगात कुंकू भरणारा हातसुद्धा डावा.
कुणी कुणाला ओरडत नव्हतं.

म्युनिसिपालिटीच्या शाळेत करंबेळकरबाई
माझा डावा हात फडक्याने बाकाला बांधायच्या.
हा धुवायचा हात, म्हणायच्या.
संध्याकाळी मनगटावरचा वळ चोळत
मी पत्र लिहिणाऱ्याला विचारायचे,
तुझी शाळा कुठली रे?

सातव्या वर्षी, वाढदिवस होता
की हॉल रिकामा होता, आठवत नाही,
बाबांनी मला पहिल्यांदा पुढे नेऊन बसवलं.
तिसरी रांग, स्प्रिंग टोचणारी खुर्ची,
पिक्चर तोच, सहा दिवस पाहिलेला.
तोच दिवा, तेच टेबल, तेच पत्र,
आणि उजवा हात.

मी एवढ्या जोरात रडले
की बाबांची बॅटरी धावत आली.
काय झालं गं? उंदीर?
मी म्हटलं, यालाही बाईंनी बांधलं.

ते हसले नाहीत. बॅटरी विझवली,
ड्युटीवर असून शेजारच्या खुर्चीत बसले.
मागे कुणी उशिरा आलेला अंधारात चाचपडत
डोअरकीपरच्या नावाने शिव्या देत होता.
देऊ दिल्या.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले, खाकीतच,
खिशावर पितळी बिल्ला. बाईंशी काय बोलले
कळलं नाही. खिडकीच्या काचेतून
ओठ हलताना दिसले, आवाज नव्हता,
आणि मधेच बाबांनी आपला उजवा हात
पाठीमागे नेऊन धरला.
फडकं सुटलं.

आता तिथे एकवीस मजले आहेत.
खुर्च्या भंगारात गेल्या, भोंगे कुठल्या मंडळाने नेले,
पडदा मात्र कुणी घेईना.
तो बाबांनी खांद्यावर टाकून आणला,
विड्यांचा वास मारणारा, घडी न बसणारा.
आईने चाळीच्या गच्चीवर पसरून
त्यावर उडदाचे पापड घातले.
बरा आहे, म्हणाली,
भोकं आहेत ना, दोन्ही बाजूंनी वाळतात.