बाकी चार

खानापूरच्या अलीकडं उतरलो तिघं.
विद्यापीठाचं पत्र तीन प्रतींत,
बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली,
माझ्या पिशवीत चपातीचा डबा.
शिवलीलाला कन्नड येतं, मला मराठी,
इम्तियाजला दोन्ही, शिवाय गप्प बसणं.

शेवंताक्का गाडग्याचं बूड थापटत होती.
वर न बघताच म्हणाली, "बसा की."
बसलो, राखेच्या पोत्यांवर.

प्रश्न पहिला : आपल्या व्यवसायाचं उद्दिष्ट काय?
"मडकं गळू नये."
इम्तियाजनं रकान्यात तसंच लिहिलं.
सरांनी नंतर ते लाल शाईनं खोडलं.

कन्नडात हिशोब म्हणजे लेक्क.
शिवलीला विचारी, "अक्का, लेक्क एल्लिदे?"
आणि अक्का मुद्दाम दारातल्या पोरीकडं बोट करी,
"ही काय माझी लेक."
असं चार वेळा झालं. चारही वेळा
ती एकटीच हसली, माती हलेपर्यंत.
पाचव्या वेळी भिंत दाखवली.

भिंतभर कोळशाच्या रेघा.
ही रेघ नंदगडची, ही खालच्या गल्लीतली,
ही वारलेल्या तुकव्वाची, अजून पुसली नाही.
दिलं की आडवी मारायची,
पण एकही रेघ पुरती आडवी नव्हती,
प्रत्येकीचं शेपूट मोकळं.
मी लिहिलं : वसुली अकार्यक्षम.
त्या वाक्यावर मी खूश होते.

आठवडाभर तक्ते केले.
भट्टीचं लाकूड, फुटतूट, टेम्पोचं भाडं.
रोख व्यवहाराची शिफारस केली.
क्यूआरचा कागद चिकटवला, तोही ओल्या घागरीवर.
सकाळी तो खाली पडलेला,
त्यावर कोंबडीचा पाय.

रविवारी बाजारात तिच्या शेजारी बसले.
एका माणसानं माठाला टिचकी मारली,
कान लावला, दुसरा घेतला, पुन्हा पहिला.
नव्वद ठरले. त्यानं नव्वद मोजले.
अक्कानं त्यातले पाच परत केले,
"ऱ्हाऊ दे, फुडल्या बाजारी."

"अक्का, तो देत होता की!"
"देत हुता म्हणूनच."
ती सुतळी गुंडाळत राहिली.
मग, जरा वेळानं, मला नव्हे, सुतळीलाच सांगितल्यासारखं,
"पुरतं मिटलं की माणूस कशाला वळून बघंल?
पाच रुपयं ठेवलं, की एवढ्या बाजारात
मला हुडकत येतंय बघ."

आमच्या पुस्तकात याला मोठं नाव आहे,
आणि त्यावर एक अख्खा धडा.
मी तो परीक्षेत सोडला होता.

शेवटच्या दिवशी शेवटचा कागद :
समुदाय भागीदाराचा अभिप्राय, दहापैकी गुण.
शिवलीलानं नीट समजावलं,
नऊ मिळाले तर वर्ग राहतो,
आठ असले तरी चालेल.
अक्कानं पेन कोळशासारखं धरलं
आणि काढला सहा,
कन्नड की मराठी कळू नये असा.

आमची तोंडं बघून म्हणाली,
"चार माझ्याकडं हाईत. हुडकत या."

सरांनी विचारलं, काय बिघडलं तिथं?
काहीच नाही, सर.
इम्तियाज बोलला, सहा महिन्यांत पहिल्यांदा,
"सर, उधारी आहे."

आता मी हुबळीत बँकेत बसते.
मार्च आला की खाती मिटवते,
बाकी शून्य असं पत्र देते शिक्का मारून.
लोक पत्राची घडी करतात,
जिना उतरतात,
एकानंही कधी मागं बघितलं नाही.

दिवाळीआधी ती भिंत सारवते
आणि रेघा पुन्हा ओढते, आठवून आठवून.
तुकव्वाची सुद्धा.
हे तिनंच सांगितलं होतं, सहज.
सात दिवाळ्या झाल्या.
आमची रेघ तिला आठवते का,
हे त्या बेचाळीस प्रश्नांत नव्हतं.