किरकोळ खर्च

ऑडिटला आलेला मुलगा तरुण आहे,
स्क्रीनवर बोट ठेवून विचारतो, काका,
हे 'किरकोळ' इतकं कसं फुगलं?
बावीस वर्षं या खात्याला मी खतपाणी घालतोय,
त्याला काय सांगू.

रबराचे गास्केट बनवतो आम्ही, रबाळ्यात,
पारसिकच्या पायथ्याशी, जिथे दुपारी
खाणीची धूळ येऊन वहीवर बसते
आणि आकडे आपोआप पांढरे होतात.
समोरची रंगाची कंपनी गेली, तिथे काच उभी राहिली.
काचेत आमचं पत्र्याचं छप्पर दिसतं,
आहे त्याहून बरं.

किरकोळमध्ये काय काय, तर
प्रेसवरच्या रामबृजच्या मुलीचं कानाचं यंत्र.
दोन्ही हात लागल्याशिवाय न चालणारं बटण,
जुन्या प्रेसला, कुणी इन्स्पेक्टर यायच्या आधी,
यासीनची करंगळी गेली त्याच आठवड्यात.
रात्रपाळीला चहा नव्हे, जेवण.
मिसाळबाईंना, पोटुशा होत्या तेव्हा, बसून करायचं काम
आणि बसायला खुर्ची. चारशे ऐंशी.
दर वेळी मी विचारायचो, मॅडम, हे कुठल्या खात्यात?
नाबर मॅडम मान वर न करता: किरकोळ.

मग ते वर्ष.
चाकणच्या मोठ्या गिऱ्हाइकानं सात महिने पैसे अडकवले.
सल्लागार आला, परतीचं विमान ठरवूनच,
म्हणाला, अकरा नावं.
यादी मीच केली. सुवाच्य.
माझं अक्षर चांगलं आहे, एवढा माझा दोष.

मॅडमनी ती केबिनमध्ये वाचली नाही.
खाली आल्या. प्रेस बंद करायला लावले,
एकेक करत सगळे,
साचे निवताना ऐकू येऊ लागले इथपर्यंत.
वाचा, म्हणाल्या. मोठ्यानं. तुम्ही काढलीत ना.
मी वाचलं: भोपी सुदाम.
आणि सुदाम, दिघ्याच्या शाळेत म्हणत असेल तसा,
म्हणाला, हजर.
कुणी हसलं नाही.
दुसरं नाव वाचायला मी तोंड उघडलं
ते अजून उघडंच आहे.

चमत्कार नाही यात. लिहून घे, बाळा:
नौपाड्यातली मॅडमची जागा विकली गेली.
त्यांचा भाऊ अजून बोलत नाही.
पगार तीन महिने अर्धे, सगळ्यांचे,
फळ्यावर खडूनं जमाखर्च मांडून, विचारून.
त्या फळ्यावर पहिल्यांदा मी
मालकाचा आकडा कामगाराच्या शेजारी लिहिला
आणि खडू दोनदा मोडला.
दोघं तरीही गेले. एक न सांगता.
यासीन गेला नाही. का, ते मी विचारलं नाही,
नऊ बोटांच्या माणसाला
विचारायचा प्रश्न नव्हता तो.

पुढे चाकणची उधारी आली, मागोमाग ऑर्डर,
तेव्हा साचे पुसलेले होते, तेल दिलेले,
आणि कुठल्या हातांना काय येतं
हे कुणाला नव्यानं शिकवायचं नव्हतं.
चाळीस दिवसांचा माल सत्तावीस दिवसांत गेला.
कशामुळे, ते सिद्ध करायला
माझ्याकडे पावती नाही.

काचेतले लोक याला एक लांबलचक शब्द वापरतात,
टपरीवर कटिंग पिताना कानावर येतो.
आम्ही रबरापुरतं बोलतो:
दाबून, तापवून, एक दिवस तसंच ठेवून
सोडलं, की मूळ जाडीला किती परत येतं,
ते मिलिमीटरमध्ये मोजतात.
पूर्ण कधीच येत नाही.
येतं तेवढ्यावर गळती थांबते.

मुलगा बोट उचलतो. मग काका,
याला स्वतंत्र खातं उघडू? कल्याण वगैरे?
नको, म्हणतो मी. मोठं नाव दिलं
की कुणीतरी कापायला येतं.
किरकोळच राहू दे.
आणि हो, आजची एक नोंद राहिली.
सुदामच्या नातवाचा चष्मा.
सातशे वीस.