चार आधी, मग दोन

गावाचं नाव सूर.
आईला वाटलं, गाण्याबिण्याची नोकरी.
इथं समुद्रातलं मीठ बाजूला काढतात
आणि गोडं पाणी नळाला सोडतात.
मी रात्रपाळीला.
सहा पंप, अठ्ठावीस व्हॉल्व्ह,
एक खुर्ची, तिचा एक पाय आखूड.

कंपनीनं दोन दिवस शिकवलं.
पडद्यावर बाण होते, निळे, लाल.
एसी असा की हात काखेत घालून बसलो.
दहा प्रश्न, दहाही बरोबर.
सर्टिफिकेटवर फक्त नाव चुकलं.
तिसऱ्या रात्री पंप खोकला
आणि एकही बाण आठवेना.

टेकबहादूरनं मग मला गटात घेतलं.
गटाचं नाव 'नमकीन'. सव्वीस माणसं,
सूरची, सोहारची, दोघं फुजैराचे.
बहुतेकांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही,
गुडघेदुखी मात्र ठाऊक.
रफिकुल गंजलेल्या नटाचा फोटो टाकतो,
माप कळावं म्हणून शेजारी खजूर ठेवून.
सुधाकरन एका अंगठ्यानं लांबलचक लिहितो,
जेलीफिशनं जाळ्या कशा तुंबतात,
वास कधीपासून येतो.
खमीस लिहीत नाही. अंगठा दाखवतो.
चुकीच्या गोष्टीला दाखवत नाही.

आणि परकारचाचा, दाभोळचे.
ते आवाज पाठवायचे.
"ऐक रे," आणि चाळीस सेकंद नुसता पंप.
"हा बरा आहे."
पुन्हा चाळीस सेकंद.
"ह्याच्या पोटात खडे वाजतायत.
खडे नाहीत ते, उपास आहे.
पाणी कमी मिळतंय त्याला. तोंडाशी जाऊन बघ."
आत फोन न्यायला बंदी. गेटवर पेटी आहे.
चाचांनी कसा नेला, कुणी विचारलं नाही.
मी बसमध्ये ऐकायचो,
ऐजाच्या दीपगृहापासून थेट प्लांटपर्यंत.
शेजारच्याला वाटायचं, भजन.

माणूस थोडं शिकला की त्याला खाज सुटते.
एका पहाटे मीही लिहिलं, ठसक्यात, तीन ओळी.
'चालू करताना दोन आधी, मग चार.'
सतराजणांनी वाहवा केली.
त्यात खमीस नव्हता.
मी सतरा मोजले, तो मोजला नाही.

नवा पोरगा, दीपांकर.
त्यानं वाचलं, पाठ केलं, तसंच केलं.
काटा चढला तो चढतच गेला.
नळीतली सात मेम्ब्रेनं
ओल्या पुठ्ठ्यासारखी चुरगळून निघाली.
साहेबानं विचारलं, कुणी सांगितलं?
तो गप्प.
तीन दिवसांचा पगार कापला, तरी गप्प.

पुसता आलं असतं.
बोट दाबून धरलं की यादी उघडते,
'सगळ्यांसाठी पुसा' अशी सोय आहे.
दाबून धरलं.
स्क्रीन दोनदा विझली, दोनदा पेटवली.

मग त्याच्याच खाली लिहिलं:
वरचं चूक आहे. मी लिहिलंय.
चार आधी, मग दोन.
दीपांकरचे पैसे माझ्याकडे लागले.
आणि साहेबाच्या केबिनबाहेर जाऊन उभा राहिलो
बूट न काढताच.

गटात बराच वेळ काही हललं नाही.
पहिला आला खमीसचा अंगठा.
मग टेकबहादूर: एकदा अख्खी रात्र
पंप कोरडा चालवला होता, झोप लागली होती.
मग सुधाकरन. मग फुजैराचा तो,
जो वर्षभर एक अक्षर बोलला नव्हता.
सकाळपर्यंत ज्याची त्याची मोडतोड बाहेर,
सणाला माळ्यावरची भांडी काढावीत तशी.
ते सगळं अजून तिथंच आहे.
नवीन कुणी आलं की आधी तेच वाचायला देतो.

चाचा गेल्या वर्षी गावी गेले, कायमचे.
गटातून मात्र गेले नाहीत.
परवा त्यांचा आवाज आला, चाळीस सेकंद.
"ओळख."

बसमध्ये तीनदा ऐकला.
पंप छोटा, घरगुती. बोअर नवी.
चरचर आहे बारीक, आणि मागं कुणीतरी आरवतंय.
लिहिलं: वाळू येतेय, चाचा. मोटर थोडी वर घ्या.
कोंबडा ठणठणीत आहे.