माया

कोंगूसीच्या बाजारात, सायकलवाल्याच्या सावलीत
सूमायला शिंप्याचं पायाचं मशीन.
तीस वर्षांत त्यानं कुणाला विचारलं नाही
घरी काय शिजतं म्हणून.
फीत सांगते.

मादाम ऐसेता वागादुगूहून येतात दर सणाला
तोच ब्लाउज घेऊन: उसव, जरा सैल कर.
या वर्षी शिवणीत माया उरली नाही.
सकाळी पाव, कॉफीत डब्यातलं दाट गोड दूध,
दुपारी तेलात न्हालेला भात,
पर्समध्ये साखरेच्या गोळ्या, म्हणजे साखर उतरवायच्या.
हसतात. "माझं माप तुझ्या फितीबाहेर गेलं रे."
बसल्या बसल्या बधिर तळपाय चोळतात.

पोग्नेरे चालत येते, तळ्याच्या पलीकडून.
पाठीला बांधलेली बिबाता, दीड वर्षाची,
पदराच्या गाठीतल्या सुट्या पैशांसारखी:
आहे ना, हे मधूनमधून चाचपावं लागतं.

इथे बाजरीच्या घट्ट घाट्याला ‘तो’ म्हणतात.
पोग्नेरेची सासू म्हणायची,
‘तो’ घरात असला की नवरा नसला तरी चालतं.
आता नवरा खाणीवर, सोनं शोधत,
आणि ‘तो’ही रोज येत नाही.
कांडायला चार हात लागायचे. दोन उरले.
कणी शिजते निम्म्या लाकडात.
बोटीतून येते ती; पोत्यावर खाचरात उभी हसरी बाई,
तिची लिपी इथे कुणाला वाचता येत नाही.

सुंबाला कुटायला घेतला की
गल्लीभर वास सुटायचा, आंबलेला, उग्र,
पोरं खेळ टाकून घराकडे धावायची.
आता सोनेरी कागदातला चौकोनी खडा.
पोरांना हाका माराव्या लागतात.

तळ्याकाठी हिरव्या शेंगा पोग्नेरेच खुडते,
सरळ, बोटाएवढ्या. त्या विमानानं जातात.
वाकड्या तिच्या.
त्या ती शिजवते, मीठ आणि खडा टाकून.
बिबाता तोंड फिरवते.
भुकेलाही भूक लागेनाशी होते एकेकदा.

दवाखान्यातल्या सालीफूची रंगीत पट्टी
जुलैत फाटली. नवी जिल्ह्याहून येणार आहे.
तोवर त्यानं सूमायलाकडून
फितीवर दोन टाके घालून घेतलेत:
साडेबाराशी पिवळा, साडेअकराशी लाल.
मंगळवारी शिंप्यासमोर आयांची रांग.
सायकलवाला पंक्चर काढायचं थांबवतो, मग पुन्हा काढतो.

फीत बिबाताच्या दंडाभोवती फिरते.
सूमायला दोनदा मोजतो, तशी सवयच आहे.
मग तिसऱ्यांदा.
एरवी तो माप मोठ्यानं पुकारतो
आणि हाताखालचा पोरगा वहीत लिहितो.
पोरगा पेन्सिल धरून बसलाय.
सूमायला बोट लाल टाक्याच्या अलीकडे ठेवून
सालीफूला नुसतं दाखवतो.

शेंगदाण्याच्या लगद्याची चांदीची पाकिटं मिळतात,
आठवड्याची. फक्त हिला द्यायची, सालीफू बजावतो.
पोग्नेरे मान हलवते.
घरी आणखी तिघं आहेत,
आणि पाकीट फाडल्याचा आवाज
त्यांना तळ्यापल्याडूनही ऐकू येतो.

जाताना ती कमरेची घडी सोडते.
वीतभर रुंदीचं निळं कापड, त्यावर पिवळे मासे.
"सणाला हिचा झगा होईल का यात?"
कापड कमी आहे. पोर त्याहून कमी.

सूमायला खडूनं रेघा ओढतो.
दंड अकराचा, बाही तो चौदाची कापतो,
उरलेलं आत दुमडतो, टीप मारतो.
मशीन थांबतं.
"आत काय कोंबलंस एवढं?" पोग्नेरे विचारते.
"माया. पुढच्या वर्षी आण, उसवून देईन."

ती पैसे काढत नाही लगेच.
शिवणीवरून अंगठा फिरवत राहते.
जाड लागते.