हद्दीच्या निशाण्या

चेतनाने मोबाइलवर पाठवलेला नकाशा
मी दुपारी दुकानातून छापून आणला. रंगीत पानाचे वीस रुपये,
मोठं पान म्हणून.
जेवणाच्या टेबलावर अंथरला. कोपरे उडतात, म्हणून
चष्म्याची डबी, अडकित्ता, समुद्राच्या अंगाला लोणच्याची बरणी,
उरलेल्या कोपऱ्यावर माझा हात.

स्टॉकहोम जिल्हा. ते लोक 'लेन' म्हणतात.
सव्वीस नगरपालिका आणि मधोमध राजधानी,
देशातला साधारण दर चौथा माणूस एवढ्यात मावलेला.
पश्चिमेला मालारेन नावाचं तळं,
पूर्वेला समुद्र, आणि समुद्रभर
फाटक्या पोत्यातून हरभरे सांडावेत
तशी बेटं.
ती लिहिते, तीस हजारांच्या आसपास.

आसपास?
छत्तीस वर्षं धुळ्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात
रेषा ओढणाऱ्या माणसाला
हा शब्द दाढेखाली खड्यासारखा लागतो.
बांधाचा दगड वीतभर सरकला
तरी आमच्याकडे दोन भावांचं बोलणं बंद होतं,
आणि तिथे बेटांचा हिशेब आसपास!
तठे कोन मोजस रे भो?

जिल्हा कापला तेव्हा आमच्याकडे कात्री नव्हती.
बारीक टोकाचा पेन होता, ट्रेसिंगचा कागद होता
आणि वरून आलेली घाई.
धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा इकडे.
नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी तिकडे.
शेजारच्या टेबलावरचा आधार बोरसे
शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिला, मग म्हणाला,
"आते सासरवाडीले जावाले पासपोर्ट लागी का?"
देवरे साहेबसुद्धा हसले. तेवढेच.

पुढे धरणामागे नर्मदा चढत गेली.
एका सकाळी अक्राणीहून रुमाल्या पावरा आला,
दोन बस बदलून, जुन्या जिल्ह्याच्या जुन्या कचेरीत,
कारण त्याला कुणी नवी सांगितली नव्हती.
नकाशावर बोट ठेवून म्हणाला,
घर इथे. डोंगराच्या कानावर.
आता चहूकडे पाणी. तू काय लिहितोस याला?

आमच्या सूचीत चिन्हं होती:
विहीर, नाला, देऊळ, पायवाट, तारेचं कुंपण.
बेटाला चिन्ह नव्हतं.
खानदेशात कोण कशाला बेट काढेल?
मी निळ्या पेन्सिलीने डोंगराभोवती एक वळसा घातला.
आत गट क्रमांक लिहायचा, तर त्याच्या नावावर सातबाराच नव्हता.
वळसा तसाच रिकामा राहिला.
तो पाणी प्यायला, आणि पाचच्या गाडीने गेला.

चेतनाच्या पत्रात पुढे असं आहे:
मामा, इथली जमीन अजून वर येतेय.
हजारो वर्षांपूर्वी तिच्या डोक्यावर बर्फ होता, डोंगराएवढा जाड.
तो उतरला, पण पाठ एकदम सरळ होत नाही ना,
ती अजून सरळ होतेय.
दरवर्षी ज्वारीच्या दाण्याएवढी.
खडक आधी पाण्याबाहेर नाक काढतो, मग कपाळ,
मग त्यावर पक्षी बसतात, मग कुणीतरी नाव ठेवतं.

मी दोनदा वाचलं.
फेरमोजणी दर किती वर्षांनी, हे तिने लिहिलेलं नाही.
नव्या खडकाचा फेरफार कोणाच्या नावे होतो, तेही नाही.

संध्याकाळी जेवायचं म्हणून बरणी उचलली.
पूर्वेच्या समुद्रात
तेलाचा एक गोल उमटला होता, कैरीच्या वासाचा,
बऱ्यापैकी मोठा.
पुसायला फडकं घेतलं, मग ठेवून दिलं.
पेन्सिलीला टोक केलं,
आणि क्रमांकाची जागा सोडून
आत नाव लिहिलं.

चेतनाला कळवलं:
नकाशा पोहोचला. काम नीट आहे त्यांचं.
एक बेट राहिलं होतं.