माया

उसवायला घेतलाय
बाटलीहिरव्या साटिनचा गाऊन.
कमरेला सुईच्या भोकांच्या तीन ओळी.

पहिली खुर्शीद, माझगावची.
आत पट्टीवर रेशमाने नाव,
घोळावर दारूबंदीतल्या वाइनचा डाग.

दुसरी कोण, ठाऊक नाही.
पोटाशी काळ्या दोऱ्याचे घाईचे टाके,
तीनेक महिने तरी लपवलं असेल.

तिसरी कुंदा, सिनेमात मागे नाचायची.
‘भाड्याचा होता, परत केलाच नाही,’
सांगताना हसायची, तोंडावर हात घेऊन.

आज तिची नात उभी आहे हात पसरून.
टेप लावली की गुदगुल्या होतात तिला.
नाही व्हायचा मला, म्हणते.

मी शिवण उलटून दाखवते:
धोबीतलावच्या कुण्या शिंप्याने
कुणासाठी कोण जाणे,
चांगली दोन बोटं माया सोडलीय आत.

अजून अर्धं बोट आहे.